फंडाची कंपनी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोलापुरात ‘फंड’ या शब्दाचा अर्थ एकच. पगारातून कापला जातो तो. मुलीच्या लग्नाला, घराच्या स्लॅबला, नाहीतर निवृत्त झाल्यावर जो एकरकमी हाती येतो तो. भविष्य निर्वाह निधी हे त्याचं सरकारी नाव. १९५२ चा कायदा आला तेव्हापासून कामगार त्याला फंडच म्हणत आला आहे.

२०१४ साली मी एका टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सोलापूरला परत आलो. पहिल्याच आठवड्यात, सकाळची पाळी सुटताना, मागखात्यातले एक वयस्कर जॉबर माझ्यापाशी येऊन उभे राहिले. सगळे त्यांना मामा म्हणत. पुढं मीही म्हणू लागलो. टोपी हातात घेऊन ते हळूच म्हणाले, ‘‘साहेब, आमचा फंड काढून कंपनी घेतली म्हणं. खरं हाय का?’’

मला आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. कारण गावातल्या वर्तमानपत्रात बातमी छापून आली होती ती अशी, की अमुक कंपनी फंडानं विकत घेतली. मी स्वतःसुद्धा आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलताना ‘आता आपले मालक म्हणजे एक फंड आहे’ असं सांगून मोकळा झालो होतो. समोर बसलेल्या सहाशे माणसांनी त्याचा अर्थ काय लावला असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या रात्री निम्म्या घरांत झोप लागली नसणार. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या स्लिपा काढून कॅन्टीनच्या भिंतीला लावल्या, तेव्हा कुठे कुजबुज थांबली.

श्रोतेहो, आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या फंडाबद्दल. त्याला प्रायव्हेट इक्विटी म्हणतात. नाव अवघड असलं तरी व्यवहार अवघड नाही. पाचपंचवीस मोठ्या पैसेवाल्यांकडून एक चतुर मंडळी रक्कम गोळा करतात. ती बहुधा दहा वर्षांच्या बोलीवर असते. त्या रकमेतून कंपन्या विकत घ्यायच्या, त्या सुधारायच्या, आणि चारपाच वर्षांत जास्त किमतीला विकून पैसे परत करायचे. गोळा करणाऱ्या मंडळींना वर्षाला साधारण दोन टक्के खर्चापोटी आणि शेवटी झालेल्या नफ्यातला पाचवा हिस्सा, असा सर्वसाधारण रिवाज आहे.

आता गंमत अशी की हे पैसेवाले म्हणजे कोणी सावकारच असतात असं नाही. बऱ्याचदा ती परदेशातल्या नोकरदारांच्या पेन्शनची रक्कम असते. पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटलचं उदाहरण आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. सोलापूरचे कितीतरी पेशंट तिथं जातात. डॉ. चारुदत्त आपटे यांनी ते उभं केलं. २०१९ मध्ये त्यातला मोठा हिस्सा एव्हरस्टोन या फंडानं घेतला. २०२२ मध्ये एव्हरस्टोननं तो विकला कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या शिक्षकांच्या पेन्शन योजनेला. आणि २०२५ मध्ये त्यांनी तो मणिपाल हॉस्पिटल्सला विकला. म्हणजे सहा वर्षांत तीन मालक झाले, आणि मधली काही वर्षं पुण्यातल्या ऑपरेशन थिएटरचे मालक कॅनडातले मास्तर होते! तेव्हा मामांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. कुणाचा तरी फंड काढूनच कंपन्या घेतल्या जातात. फक्त तो आपला नसतो.

मी मूळचा इथलाच. आजोबा जुन्या गिरणीत होते, वडील शाळामास्तर. सांगलीला इंजिनिअरिंग केलं आणि मग तीसएक वर्षं मुंबई, अहमदाबाद अशी कापडधंद्यात नोकरी केली. या फंडाच्या मंडळींनी मला मुंबईच्या एका हॉटेलात दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्या भेटीत नेमणुकीचं पत्र दिलं. पगार चांगला होता. त्याहून चांगली होती दुसरी गोष्ट. कंपनी विकली जाईल त्या दिवशी, ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त भाव आला, तर त्यातला एक छोटा हिस्सा माझा. हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण अशा खुर्चीत बसलेला माणूस कितीही गोड बोलत असला तरी त्याच्या खिशात हा कागद असतो, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावं.

ज्यांनी कंपनी सुरू केली त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी आपला बहुतेक हिस्सा विकला होता, थोडा ठेवला होता. मुलं अमेरिकेत, परत येणार नव्हती. तरी अण्णा रोज दहा वाजता यायचे, जुन्या केबिनमध्ये बसायचे, आणि सुपरवायझर माझ्याकडून सही घेतली की जाता जाता त्यांनाही विचारून जायचा. सुरुवातीला मला याचा राग यायचा. फंडाच्या मंडळींनी तर फोनवर स्पष्टच सांगितलं, त्यांना घरी बसवा. मी तसं केलं नाही. रोज साडेदहाला त्यांच्याकडे चहाला जाऊ लागलो. कुठल्या व्यापाऱ्याकडचं सूत पावसाळ्यात तुटतं, कुठल्या रंगमास्तरला उधारी देऊ नये, हे जे मला त्या चहात कळलं ते कुठल्याच अहवालात नव्हतं. सहा महिन्यांनी सुपरवायझर त्यांच्याकडे जायचे बंद झाले. कारण मी आणि अण्णा एकच उत्तर देतो हे त्यांच्या लक्षात आलं.

पण मामांनी मला दुसरा प्रश्न विचारला होता. फंडाचा खुलासा झाल्यावर ते म्हणाले, ‘‘बरं. मग हे लोक किती वर्षं राहणार?’’ मला उत्तर माहीत होतं. नेमणुकीच्या बोलण्यात ते चारदा आलं होतं. पाच वर्षं, फार तर सहा. आणि मी मामांना म्हणालो, ‘‘आपण दीर्घकाळाचा विचार करूनच आलोय.’’ मामा ‘बरं’ म्हणाले आणि गेले.

हा प्रश्न सोलापुरात का विचारला जातो, ते सांगायला हवं.

जुनी गिरणी म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली, १८७७ साली सुरू झालेली, गावातली पहिली. तिच्या भोंग्यावर घरातली चूल पेटायची असं आजी सांगायची. या गिरण्या तेव्हा चालत मॅनेजिंग एजन्सी नावाच्या पद्धतीनं. भांडवल शेअरहोल्डरांचं, पण कारभार एका एजंट पेढीकडे, करारानं सोपवलेला. एजंटांचा मेहनताना म्हणजे कमिशन. अनेक गिरण्यांत पूर्वी हे कमिशन नफ्यावर नसे, मालावर नाहीतर विक्रीवर असे. गिरणी बुडो की तरो, माल निघाला की कमिशन सुटलं. ही पद्धत आपल्या देशात थेट एप्रिल १९७० मध्ये कायद्यानं बंद झाली.

तर २७ जुलै १९४९ रोजी जुन्या गिरणीच्या संचालकांनी नोटीस लावली, आणि बरोबर महिन्यानं, २७ ऑगस्टला, गिरणी बंद केली. गावात हजारो लोकांच्या घरी पगार थांबला. आजीनं पितळेची मोठी घागर त्या वर्षी विकली, ती पुन्हा कधी घरात आली नाही. तिच्या सांगण्यात तारीख नसायची, ‘घागर गेली ते साल’ असं असायचं. तारखा मला पुढं कायद्याच्या पुस्तकात सापडल्या. कारण हे प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं.

९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सतरा दिवस आधी, केंद्र सरकारनं या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला. पुढं एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. गैरकारभार आणि दुर्लक्ष यांमुळे उत्पादनाला धक्का बसला आणि लोक बेकार झाले, असं त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटलेलं आहे. जुने संचालक गेले, एजंटांचा करार संपला, मुंबई सरकारनं नवे संचालक नेमले. एका शेअरहोल्डरनं सुप्रीम कोर्टात दाद मागितली, की एकाच कंपनीसाठी वेगळा कायदा कसा करता? ४ डिसेंबर १९५० रोजी पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी कायदा उचलून धरला, दोघांनी विरोधी मत दिलं. इतकं नवं होतं हे सगळं. आणि डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या एका शेअरहोल्डरच्या दाव्यात त्याच कोर्टानं उलटा निकाल दिला. भरपाई न देता मालमत्तेचा ताबा घेतला, ते घटनेत बसत नाही. त्यानंतर १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती झाली, तिच्यामागच्या कारणांत आमच्या या गिरणीचा निकालही होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही ‘शोलापूर केस’ शिकवतात. त्यांच्यातल्या किती जणांना जुनी मिल कंपाऊंड कुठं आहे हे ठाऊक असेल, देव जाणे.

मला या प्रकरणातला एक बारीक तपशील फार जवळचा वाटतो. कंपनीचे ३२,००० प्रेफरन्स शेअर होते, शंभर रुपयांचे. पण शेअरहोल्डरांनी भरले होते पन्नासच. नव्या संचालकांनी खुर्चीत बसल्यावर थोड्याच दिवसांत काय केलं, तर उरलेले पन्नास भरा म्हणून मागणी काढली. म्हणजे सोळा लाख रुपये. १९५३ चा दावा उभा राहिला तो याच मागणीवरून. मी वाचताना मनात म्हटलं, अरे, हे तर आपलेच पूर्वज! दुसऱ्या कुणी नेमून दिलेली माणसं, घाईनं बसवलेली, किती दिवस राहू याचा पत्ता नाही, आणि पहिल्याच महिन्यात तिजोरी उघडून बघतात तर आत पैसे नाहीत.

माझीही सुरुवात तिजोरीपासूनच झाली. फंडाच्या कंपनीत पहिले शंभर दिवस नावाचा एक सोहळा असतो. त्यात काय करायचं याचा तक्ता आधीच तयार असतो. खरं सांगायचं तर त्यातलं बहुतेक साधं शहाणपण आहे, जे कुटुंबाच्या कंपनीत भिडेपोटी होत नाही. आमच्या गोदामात चार महिन्यांचा माल पडून होता. दोन वर्षांपूर्वीच्या ऑर्डरमधले, रंग चुकलेले टॉवेल घड्या करून ठेवलेले. मोठी गिऱ्हाईकं पैसे द्यायला शंभर-शंभर दिवस लावत, आणि मागायला कोणी जात नसे, कारण ती अण्णांच्या ओळखीची. मी स्वतः गेलो. दोघा-तिघांनी चहा दिला, एकानं बाहेर बसवून ठेवलं, पण वर्षभरात बरीच रोकड मोकळी झाली. माग तेच, माणसं तीच, टॉवेल तेच.

महिन्याच्या सात तारखेच्या आत फंडाला अहवाल जायचा. मुंबईहून एक तरुण मुलगा त्यासाठी यायचा. हुशार, कष्टाळू, वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढा. त्यानं आयुष्यात माग चालताना पाहिला नव्हता, पण कागदावरचा आकडा कुठं लपतोय हे त्याला वासानं कळायचं. मी त्याला मागखात्यात उभा केला, कानात बोळे न घालता, अर्धा तास. तो बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘सर, हे लोक आठ तास कसे उभे राहतात?’’ त्यानंतर आमचं जमलं.

त्याच्या मंडळींची भाषा एका शब्दाभोवती फिरते. ईबिडा. म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करायच्या आधीचा नफा. कंपनी विकताना किंमत ठरते ती याच्या पटीत. समजा पट आठ आहे, तर विक्रीच्या वर्षी वाचवलेल्या एका रुपयाचे आठ रुपये होतात. मोह कुठं असतो ते यात आलं. बॉयलरची दुरुस्ती एक वर्ष पुढं ढकला, शिकाऊ मुलं घेऊ नका, मागाचे सुटे भाग संपत येऊ द्या; प्रत्येक रुपया आठपट होऊन कागदावर दिसतो. आणि ज्यानं कंपनी विकत घेतली त्याच्याकडे दुसऱ्या वर्षी बॉयलर बसतो. वाईट फंड असं करतात, चांगले करत नाहीत. कारण विकत घेणाराही बहुधा फंडच असतो आणि त्याचा इंजिनिअर बॉयलर उघडून बघतो.

मॅनेजिंग एजंट आणि फंड यांत मी फरक करतो तो इथं. एजंटाला गिरणी मेली तरी कमिशन मिळत होतं. फंडाला खरा पैसा मिळतो तो कंपनी जास्त किमतीला विकली गेली तरच. हा चांगला फरक आहे. पण आजीच्या घागरीला तो कळणार नाही. तिच्या दृष्टीनं दोघंही बाहेरगावचे आणि दोघंही जाणारे.

अमेरिकेत तर आणखी एक पद्धत आहे. विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज त्या कंपनीच्याच डोक्यावर ठेवायचं. १९८९ मध्ये केकेआर या फंडानं आरजेआर नॅबिस्को ही सिगारेटी आणि बिस्किटांची कंपनी सुमारे २५ अब्ज डॉलरला घेतली, त्यातला बराच भाग कर्जाचा. तिथं मुख्य अधिकारी म्हणून नेमले गेले लुई गर्स्नर. चार वर्षं त्यांनी मुख्यतः कर्ज फेडण्यासाठी कंपनी चालवली, आणि १९९३ मध्ये आयबीएममध्ये गेले. आपल्याकडे बँकांनी शेअर खरेदीला कर्ज देण्यावर अनेक वर्षं कडक बंधनं होती, म्हणून ती तऱ्हा फारशी रुजली नाही. आपल्याकडचं सरळ उदाहरण म्हणजे घराघरातल्या पंख्यांवर ज्याचं नाव असतं ते क्रॉम्प्टन. २०१५ मध्ये अ‍ॅडव्हेंट आणि टेमासेक यांनी तिच्या घरगुती वस्तूंच्या धंद्यातला सुमारे ३४ टक्के हिस्सा घेतला, शंतनू खोसला यांना प्रॉक्टर अँड गॅम्बलमधून आणून प्रमुख केलं, पुढच्या काही वर्षांत शेअर बाजारात हिस्सा विकला आणि बाहेर पडले. पंखे फिरताहेत.

आमच्याकडे खरा वाद झाला तो ग्रॅच्युइटीवरून.

१९७२ च्या कायद्यानं पाच वर्षं नोकरी झालेल्या कामगाराला, सोडून जाताना, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देणं भाग होतं. आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांची माणसं पुष्कळ. ताळेबंदात या रकमेची तरतूद व्यवस्थित मांडलेली होती. पण तरतूद म्हणजे कागदावरचा आकडा. बाजूला काढलेला पैसा एक रुपयाही नव्हता. अनेक कारखान्यांत असंच असतं, कायद्याच्या हिशेबात ते लपवलेलंही नसतं. गिरणी बंद पडली की मग कळतं. लक्ष्मी-विष्णू बंद पडल्यानंतर आपल्या देण्यासाठी किती वर्षं लोक खेटे घालत होते, हे या गावात कुणाला सांगायला नको.

मोकळ्या झालेल्या रोकडीतून नवे माग घ्यायचे असा फंडाचा बेत होता. मी म्हणालो, आधी ग्रॅच्युइटीचे पैसे आयुर्विमा महामंडळाच्या सामूहिक योजनेत भरू. बैठकीत शांतता पसरली. एकानं विचारलं, ‘‘यानं किंमत किती वाढते?’’ मी म्हणालो, शून्य. मग माणुसकी, गावाचा इतिहास असं मी बरंच बोललो. सगळ्यांनी आदरानं ऐकलं आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

पुढच्या बैठकीआधी त्या तरुणानंच मला वाट दाखवली. म्हणाला, ‘‘सर, तुम्ही चुकीच्या भाषेत मागताय. उद्या विकत घेणारा ही रक्कम कर्ज म्हणूनच धरणार आणि किमतीतून वजा करणार. आज भरा किंवा तेव्हा कापून द्या. आणि तोवर पगार वाढत जातील तशी ही रक्कम फुगत जाणार.’’ मी अगदी हेच, याच शब्दांत, बैठकीत मांडलं. दहा मिनिटांत मंजूर झालं. तीन हप्त्यांत भरायचं ठरलं. नवे माग दीड वर्ष उशिरा आले. तेव्हा मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. घागरीची गोष्ट ज्यांना पटली नाही, त्यांना वजाबाकी पटली. पण मामांना पैसे मिळण्याशी मतलब होता, ते कुठल्या भाषेत मिळाले याच्याशी नव्हता.

सगळंच असं झालं नाही. पॅकिंगचं काम ठेकेदाराला देण्याचा निर्णय मी घेतला. फंडानं सुचवला, पण सही माझी होती. चाळीसएक बायका तिथं होत्या, घड्या घालून शिलाई तपासणाऱ्या. त्यांना देणी दिली, ठेकेदाराकडे कामही मिळालं, पण पगार कमी आणि दर अकरा महिन्यांनी नवं कार्ड. आकड्यात बचत दिसली. वर्षाच्या आत परदेशातून शिलाईच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा त्यातल्या दहा-बारा जणींना मी पुन्हा कायम केलं. बाकीच्यांना नाही. बाजारात त्यांच्यातली एखादी भेटली तर आजही बोलते, विचारपूस करते. मला मान वर करून बोलायला जड जातं.

आता मामांचा दुसरा प्रश्न. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर कारखान्यात सूट घातलेली अनोळखी माणसं फिरू लागली. गिऱ्हाईकं नव्हेत, कारण ती टॉवेलला हात लावत नव्हती, भिंती आणि बॉयलर बघत होती. दोन दिवसांत गावभर झालं, कंपनी विकतायत. मला बोलायला मनाई होती. गुप्ततेच्या करारावर सही केली होती. पाळीवर येणारे लोक आता नमस्कार करत, पण थांबत नसत. एका आठवड्यात रंगखात्यातले दोन चांगले कारागीर नोकरी सोडून गेले. मामा एक दिवस केबिनमध्ये आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, ‘‘तुम्ही सोलापूरचे. तुम्ही तरी सांगायचं होतं.’’

‘दीर्घकाळ’ हा शब्द मी वापरला तेव्हा खोटं बोलायचा हेतू नव्हता. नवीन होतो, घाबरलो होतो, लोक बिथरतील असं वाटलं. पण चार वर्षं रोज त्यांच्यासमोर उभा राहून मी तो दुरुस्त केला नाही, याला काय म्हणणार?

मी फंडाच्या प्रमुखांना फोन केला. म्हटलं, कोण घेतोय, किती किंमत, हे सांगणार नाही. पण तुम्ही जाणारे आहात हे मला सांगू द्या, नाहीतर तुम्हाला विकायला रिकामं रंगखातं उरेल. थोडं खेचाखेचीनंतर त्यांनी परवानगी दिली. दुपारची पाळी बदलताना, दोन्ही पाळ्या अंगणात जमवून, मी बोललो. म्हणालो, हे मालक आले तेव्हाच पाच-सहा वर्षांनी जायचं ठरवून आले होते. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगितलं नाही, ही माझी चूक. कंपनी विकली गेली तर मला पैसे मिळणार आहेत, तेही खरं आहे. तुमचा फंड सरकारकडे आहे, ग्रॅच्युइटी महामंडळाकडे आहे, त्याला नवा मालक हात लावू शकत नाही. नवा मालक कोण आणि तो काय करेल, ते मला माहीत नाही.

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. एकानं मागून विचारलं, ‘‘पैसे किती मिळणार तुम्हाला?’’ मी सांगितलं, ठरलेल्या भावापेक्षा वर गेलं तर साधारण इतके. थोडी कुजबुज झाली. मग कुणीतरी म्हणालं, चला, पाळीची वेळ झाली. लोक आत गेले आणि माग सुरू झाले. सोडून गेलेल्यांपैकी एक कारागीर महिन्यानं परत आला, दुसरा सुरतेलाच राहिला.

२०१९ मध्ये विक्री झाली. भाव बरा आला, फार नाही. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांचा ग्रॅच्युइटीचा चेक महामंडळाकडून आला तेव्हा त्यांनी तो मला आणून दाखवला, मागे-पुढे उलटून पाहिला आणि त्याची झेरॉक्स काढून द्या म्हणाले. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘घरी दाखवायला. वडलांना मिळालं नव्हतं.’’

नव्या मालकानं आपला माणूस आणून बसवला. माझ्याकडून सूत्रं घेताना पंधरा दिवस तो माझ्यासोबत होता. पहिल्या सभेत काय बोलू, असं त्यानं मला विचारलं. मी त्याला एवढंच सांगितलं की इथं फंड हा शब्द जपून वापरा. सभेला मी गेलो नाही, बरं दिसलं नसतं. संध्याकाळी सुपरवायझरनं फोन करून सांगितलं, की कुणीतरी उठून ‘तुम्ही किती वर्षं राहणार’ असं विचारलं, आणि नवे साहेब ‘सहा’ म्हणाले.